भात प्लास्टिकचा नाही. पण पॉलिमरचा मात्र आहे!

गेल्या महिन्यात आत्याने एक व्हिडिओ पाठवला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का होताच. व्हिडिओत एक माणूस शिजलेल्या भाताचा घट्ट गोळा वळतो आणि फरशीवर आपटतो. गोळा चेंडूसारखा उसळतो. मग तो पातेल्याच्या कडेला चिकटलेला पारदर्शक पापुद्रा सोलून कॅमेऱ्यापुढे धरतो, त्याला लायटर लावतो, पापुद्रा पेटतो. खाली लाल अक्षरांत : 'प्लास्टिकचा तांदूळ, सावध राहा!'

आत्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात राहते. घरी दोन एकर धान आहे, शिवाय रेशनचा तांदूळ येतो. व्हिडिओखाली तिचा आवाज होता : "पाय बरं बाबू, आपल्या रेशनच्या तांदळात हेच तं नाही ना येत?"

डिजिटल डेस्कवर अशा व्हिडिओंचं काय करायचं हे ठरलेलं असतं. 'दावा खोटा' असा शिक्का मारायचा, चार ओळी लिहायच्या, पुढच्या बातमीकडे वळायचं. मीही आत्याला तेच लिहून पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं : "मंग गोळा उसळते कसा?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्या चार ओळींत त्याचं उत्तर नव्हतं. व्हिडिओतल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चांगल्या भाताचा गोळा उसळतो, पातेल्याला पापुद्रा धरतो आणि तो पेटतोही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. हे समजून घ्यायचं तर तांदळाच्या दाण्यात आत, केसाच्या जाडीच्या काही हजार पट लहान जगात जावं लागतं. तिथे सगळा कारभार एकाच गोष्टीवर चालतो : साखळी किती लांब आहे.

पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच का?

नाही. एकसारख्या लहान रेणूंच्या कड्या एकमेकींना जोडून झालेली लांबलचक साखळी म्हणजे पॉलिमर. इथिलीनच्या कड्या जोडल्या की पॉलिथिन होतं, पिशव्यांचं प्लास्टिक. ग्लुकोजच्या कड्या एका पद्धतीने जोडल्या की कापसाचा धागा होतो, दुसऱ्या पद्धतीने जोडल्या की तांदळातला स्टार्च. म्हणजे 'भात पॉलिमरचा असतो' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या पॉलिमरच जेवत आलो आहोत.

गंमत अशी, की शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञसुद्धा हे मानायला तयार नव्हते. स्टार्च, रबर, कापूस हे लहान रेणूंचे नुसते घोळके आहेत, असं तेव्हा समजलं जायचं. हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०मध्ये सांगितलं की या खऱ्याखुऱ्या अखंड लांब साखळ्या आहेत. त्याची बरीच टिंगल झाली. १९५३मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. एक अमायलोज, जवळजवळ सरळ साखळी; काहीशे ते काही हजार ग्लुकोजच्या कड्यांची. दुसरा अमायलोपेक्टिन, भरपूर फांद्या असलेलं झाड. त्यात एकूण कड्या लाखांच्या घरात जातात. निसर्गातल्या सगळ्यात मोठ्या रेणूंमध्ये त्याची गणना होते. पण त्याची एकेक फांदी मात्र आखूड असते. तांदळात साधारण निम्म्या फांद्या १३ ते २४ कड्यांच्या असतात, काही ६ ते १२ कड्यांच्या, आणि थोड्या ३७हूनही लांब.

आता हे आकडे रुक्ष वाटतील, पण तुमच्या ताटातला भात मोकळा पडतो की गिचका होतो याचा निकाल बऱ्याच अंशी इथेच लागतो.

तणसाची दोरी आणि दहाचा आकडा

धान चुरून झालं की उरलेल्या तणसाचे भारे बांधायला तणसाचाच बंद वळतात. दोन मुठी घ्यायच्या, एकमेकींवर पीळ द्यायचा. ज्याने हे केलं आहे त्याला ठाऊक असतं की त्यासाठी तणस पुरेशी लांब लागते. वीतभर तुकड्यांना कितीही पीळ दिला तरी हात सोडताच ते उलगडतात. लांब काड्यांचा बंद मात्र स्वतःच स्वतःला धरून ठेवतो.

स्टार्चच्या साखळ्या हेच करतात, फक्त त्यांना पीळ द्यायला कोणाचे हात लागत नाहीत. शेजारच्या दोन फांद्या एकमेकींभोवती गुंडाळून दुहेरी मळसूत्र तयार करतात. याला शास्त्रात स्वयंजुळणी म्हणता येईल : बाहेरून कोणी रचत नाही, रेणू आपणहून रचनेत बसतात. त्यांना धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध. असा एक बंध फारच कमकुवत असतो. पाण्यातल्या रेणूंची सततची धक्काबुक्की त्याला सहज तोडते. पण ओळीने असे अनेक बंध असले, की एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात आणि सुटलेला पुन्हा जागेवर येतो.

किती कड्या पुरेशा? याचं उत्तर १९८७मध्ये मिळालं. इंग्लंडमधल्या युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत गिडली आणि बल्पिन या दोघांनी ग्लुकोजच्या मोजून कापलेल्या साखळ्या पाण्यात सोडून पाहिल्या. दहाहून कमी कड्यांच्या साखळ्या नुसत्या विरघळून राहिल्या. दहा कड्यांपासून पुढे मात्र त्या जुळून स्फटिक बनवू लागल्या. सहा ते नऊ कड्यांच्या साखळ्या एकट्या जमत नव्हत्या, पण सोबतीला लांब साखळी दिली की त्याही रचनेत जाऊन बसत. सहाच्या खाली तेही नाही.

म्हणजे दहावी कडी जोडल्याबरोबर रचना एकदम शक्य होते. हळूहळू, टप्प्याटप्प्याने नव्हे. पॉलिमरच्या जगात अशा सीमारेषा वारंवार दिसतात. इंजिनीअरिंगला असताना हा विषय मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो आपल्या ताटातच वाढलेला असतो हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता एक छोटं गणित. या मळसूत्रात ग्लुकोजची प्रत्येक कडी साधारण ०.३५ नॅनोमीटर उंची घेते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.) फांदीचा जुळलेला भाग १२ ते १६ कड्यांचा धरला, तर मळसूत्राची लांबी ४ ते साडेपाच नॅनोमीटर होते. अशी असंख्य मळसूत्रं दाटीवाटीने शेजारी शेजारी उभी राहिली की एक कडक थर होतो. त्यावर फांद्या जिथे फुटतात तो विस्कळीत, मऊ थर. पुन्हा कडक, पुन्हा मऊ. क्ष-किरणांनी मोजलं, तर एक कडक आणि एक मऊ मिळून जोडी सुमारे ९ नॅनोमीटरची भरते. तांदूळ, गहू, मका, बटाटा, कुठल्याही स्टार्चमध्ये हा आकडा ९-१०च्या आसपासच येतो.

भंडाऱ्याच्या बांधीत पिकलेल्या दाण्यातही हेच थर असतात. कडक थराची जाडी फांदीची लांबीच ठरवते.

मग भात शिजतो म्हणजे काय होतं?

कच्चा तांदूळ थंड पाण्यात तासन्‌तास ठेवला तरी त्याचा भात होत नाही. कडक थरांत पाण्याला शिरकाव नसतो. तापमान वाढवत नेलं की एका टप्प्यावर मळसूत्रं उलगडतात, पाणी आत घुसतं, स्टार्चचे कण फुगतात. ही वेळ तांदळाच्या जातीनुसार ५५ ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान कुठेही येऊ शकते.

हा फरक का? पुन्हा फांद्यांची लांबी. तांदळाच्या सहाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यातून तयार होणारं एन्झाइम ११पेक्षा कमी कड्यांच्या आखूड फांद्यांना लांबवून १२ ते २४ कड्यांच्या पट्ट्यात आणतं. वर सांगितलेली दहाची सीमारेषा आठवा : या एन्झाइममुळे सीमेच्या अलीकडच्या फांद्या पलीकडे जातात. ते नीट काम करतं त्या जातींत मळसूत्रं लांब आणि पक्की होतात, उलगडायला जास्त उष्णता लागते. बहुतेक जपानी जातींत हे एन्झाइम जवळपास निकामी असतं, म्हणून तिथला तांदूळ कमी तापमानाला शिजतो. आपल्याकडच्या अनेक इंडिका जातींत ते कामाचं असतं. तुमच्या गॅस सिलिंडरचा हिशेबही काही प्रमाणात त्या दोन-चार कड्यांवर अवलंबून आहे, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं ठरणार नाही.

शिजताना आणखी एक गोष्ट होते. फुगलेल्या कणांतून अमायलोजच्या सरळ साखळ्या पाण्यात उतरतात. तीच आपली पेज. भात निवू लागला की या साखळ्या पुन्हा एकमेकींना शोधतात, जागोजागी मळसूत्रं जुळतात आणि सगळीकडे पसरलेलं एक जाळं तयार होतं.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. भाताचा गोळा दाबून वळला की दाण्यांवरचं हे जाळं आणि चिकट अमायलोपेक्टिन एकजीव होतात. जाळं लवचिक असतं, आत थोडी हवा अडकलेली असते. आपटलं की दबतं, पुन्हा पूर्वीच्या आकारात येतं. म्हणून उसळतं. पातेल्याच्या कडेचा पापुद्रा म्हणजे पेजेतल्या अमायलोजच्या साखळ्या वाळून एकमेकींना बिलगलेल्या. असा पापुद्रा चांगला पारदर्शक होतो. आणि तो पेटतो कारण स्टार्च जळाऊच आहे; भाकरी करपते तशीच. पिशवीचं पॉलिथिन जाळलं तर ते वितळून थेंब थेंब गळतं. पापुद्रा वितळत नाही, काळा कोळसा होतो आणि करपलेल्या पोळीसारखा वास येतो. व्हिडिओवाल्याने लायटर लावून आपल्याच दाव्याच्या विरुद्ध पुरावा दाखवला होता. पाहणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही, इतकंच.

रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे

अशी अफवा नवी नाही. २०१७मध्ये तेलंगण आणि उत्तराखंडमध्ये प्लास्टिक तांदळाच्या बातम्यांनी असाच धुमाकूळ घातला होता. त्यानंतर रेशनमध्ये पोषणमूल्यवर्धित, म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ आला आणि शंकेला नवं खाद्य मिळालं. महाराष्ट्रात याचा पथदर्शी प्रयोग आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात झाला होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सगळ्या सरकारी योजनांत असा तांदूळ देण्याची घोषणा केली.

यात साध्या १०० किलो तांदळात १ किलो विशेष दाणे मिसळतात. हे दाणे तांदळाच्याच पिठापासून बनतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते यंत्रात गरम करून दाबतात आणि दाण्याच्या आकारात कापतात. म्हणजे या दाण्यांतले मूळचे ९ नॅनोमीटरचे थर एकदा मोडलेले असतात आणि साखळ्या निवताना जमेल तशा पुन्हा जुळलेल्या असतात. कच्च्या माल तोच, रचना वेगळी. म्हणून ते थोडे वेगळे दिसतात, धुताना काही वेळा तरंगतात, शिजतानाही वेगळे वागतात. बायका नेमके तेच दाणे निवडून फेकतात; सगळं लोह त्यातच असतं. हे दाणे रेशनच्या पोत्यात घालण्याआधी गावोगाव एकदा नीट समजावून सांगितलं असतं तर माझ्या मते निम्म्या अफवा उठल्याच नसत्या. पोत्यावरच्या बारीक अक्षरांनी ते काम होत नाही.

लांब साखळी म्हणजे जास्त चांगली साखळी?

असं वाटेल की साखळी जितकी लांब तितकी जुळणी पक्की. तसं नाही, आणि मला स्वतःला या विषयातला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

गिडली यांच्याच चमूने १९८९मध्ये वेगवेगळ्या लांबीचं अमायलोज प्रयोगशाळेत बनवून गरम द्रावण निवू दिलं. साधारण ११०हून कमी कड्यांच्या साखळ्या एकमेकींना बिलगून, गठ्ठे होऊन तळाशी बसल्या. अडीचशे ते साडेसहाशेच्या दरम्यान काही साखळ्या तळाशी, काहींची जेली. ११००च्या पुढे मात्र मुख्यतः जेलीच. कारण साखळी फार लांब असली की तिचं एक टोक एका शेजारणीशी जुळतं, मधला भाग दुसरीशी, दुसरं टोक तिसरीशी. कोणालाच पूर्ण शिस्तीत उभं राहता येत नाही आणि सगळ्यांचं मिळून जाळं होतं. पुन्हा तणसाचंच पाहा : हातभर काड्यांची पेंढी नीट बांधता येते, पण पुरुषभर उंचीच्या विस्कटलेल्या गंजीतून एक काडी ओढली की दहा हलतात.

एकच पदार्थ, एकच तापमान, एकच पाणी. फक्त लांबी बदलली आणि कुठे पांढरा गाळ, कुठे थरथरणारी जेली.

कृत्रिम पॉलिमरमध्येही नियम असेच आहेत. दोन न पटणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडून एक संयुक्त साखळी बनवली, तर दोन्ही भाग एकमेकांपासून दूर पळू पाहतात. पण जोडलेले असल्यामुळे काही नॅनोमीटरच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. मग ते आपोआप पट्टे, नळ्या किंवा गोळे रचतात. लुडविक लाइब्लर या शास्त्रज्ञाने १९८०मध्ये दाखवलं की साखळीची लांबी आणि दोन भागांमधली नावड यांचा गुणाकार सुमारे १०.५च्या पुढे गेल्याशिवाय समसमान भागांच्या साखळ्यांत अशी रचना होतच नाही. ती पक्की झाल्यावर साखळी आठपट लांब केली की पट्ट्यांमधलं अंतर साधारण चौपट होतं. कंप्युटर चिपवरच्या अतिसूक्ष्म रेषा आखायला हा गुण वापरण्याचे प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. तुमच्या फोनमधली चिप आणि आत्याच्या पातेल्यातली पेज यांच्यात इतकं नातं आहे, याहून जास्त ताणत नाही.

घरी करून पाहा

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर साखळीची लांबी ओळखणारी एक गोष्ट बहुतेक घरांत असते : जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीन. निवलेली पेज काचेच्या पेल्यात घ्या, भरपूर पाणी घालून पातळ करा आणि आयोडीनचा एक थेंब टाका. गडद निळा रंग येईल. अमायलोजची साखळी आयोडीनभोवती गोल गुंडाळून नळी बनवते, आयोडीन त्या नळीत ओळीने बसतं आणि त्या ओळीचा रंग निळा दिसतो. साखळी आखूड तर ओळही आखूड, आणि रंग बदलतो : लांब साखळीला निळा, मधल्या लांबीला जांभळा, वीस-तीस कड्यांना तांबूस, आणि डझनभराच्या खाली रंगच नाही. म्हणूनच ईशान्य भारतातल्या चिकट तांदळात, ज्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, आयोडीनचा रंग तांबूस येतो.

आता तो पेला कडकडीत गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. रंग फिका पडत जाईल, पुरेसं तापलं तर नाहीसाही होईल. निवलं की पुन्हा निळा. नळ्या उलगडल्या आणि पुन्हा जुळल्या. पाहून झालं की पेज फेकून द्या, गुरांनाही घालू नका.

शिळ्या भाताचं खरं काय?

फ्रिजमधला भात कडक का होतो, हे आता तुमचं तुम्हीच सांगू शकाल. अमायलोजचं जाळं काही तासांतच जमतं. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड आणि झाडाला बांधलेल्या, त्यामुळे त्यांना पुन्हा जुळायला दिवस लागतात. ही पुनर्जुळणी ४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. फोडणीला टाकला की भात परत मऊ होतो, कारण अमायलोपेक्टिनची नवी मळसूत्रं ४० ते ६० अंशांना उलगडतात. अमायलोजच्या लांब साखळ्यांची जुळणी मात्र १२० अंशांच्याही पुढे टिकते. साध्या कढईतल्या वाफेने ती मोडत नाही.

हा न मोडणारा भाग पोटातल्या पाचकरसांनाही सहज मोडत नाही. त्यातूनच 'शिळा भात खा, शुगर पळवा' छापाचे मेसेज निघाले. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात (२०१५) ताज्या भातात दर १०० ग्रॅममागे असा न पचणारा स्टार्च ०.६४ ग्रॅम मिळाला. २४ तास ४ अंशांना ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. रक्तातली साखरही कमी वाढली. पण अभ्यास १५ निरोगी माणसांवरचा होता आणि वाढ १०० ग्रॅम भातामागे एका ग्रॅमची. मधुमेह असलेल्याने एवढ्यावर भाताचं ताट वाढवून घेऊ नये. आणि फ्रिजबाहेर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाचे जिवाणू वाढून विष तयार करतात. ते नंतर गरम करूनही जात नाही. ठेवायचा तर लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा.

शास्त्रज्ञ आधी मोजतात, शेतकरी आधी चाखतो

भाताचा पोत फक्त अमायलोजच्या टक्केवारीवर ठरतो, असं अनेक वर्षं मानलं जाई. आजही जातींची वर्गवारी तशी होते : २० टक्क्यांखाली कमी, २० ते २५ मध्यम, २५च्या वर जास्त. पण दोन जातींत अमायलोज सारखंच असूनही एकीचा भात टणक आणि दुसरीचा मऊ, असं दिसायचं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेत के. आर. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. १९९३मध्ये त्यांनी दाखवलं की टणक भाताच्या जातींत अमायलोपेक्टिनच्या लांब फांद्यांचं प्रमाण जास्त असतं. या फांद्या एकमेकींत अडकून फुगलेल्या कणाला आतून धरून ठेवतात.

फांद्यांची लांबी मोजायला महाग यंत्रं लागतात. धान संशोधन केंद्रांत त्याऐवजी एक सोपी चाचणी चालते : १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तांदळाचे सहा-सात दाणे २३ तास ठेवायचे आणि ते किती पसरले ते डोळ्यांनी पाहून गुण द्यायचे. आखूड फांद्यांचा दाणा पार विरघळून जातो, लांब फांद्यांचा जवळपास तसाच राहतो. नॅनोमीटरची गोष्ट, पण निकाल नुसत्या डोळ्यांनी लागतो.

यातलं काहीही हाताशी नसताना चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या हेरल्या, त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षं पेरून निवडत गेले आणि त्यातून एचएमटी धान उभं केलं. घड्याळाच्या नावाचं हे धान आज झाडीपट्टीत आणि बाहेरही कोणाला सांगावं लागत नाही. जून २०१८मध्ये त्यांचं निधन झालं. बारीक दाणा आणि जिभेला पटणारा भात, एवढ्या दोन कसोट्यांवर ते नकळत साखळ्यांचीही निवड करत होते.

उन्हाळी धान वेगळं का वागतं?

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. तिने ऐकून घेतलं आणि दुसरा प्रश्न टाकला, जो कुठल्याही व्हायरल व्हिडिओपेक्षा मोलाचा होता. बियाणं तेच, बांधी तीच. तरी खरिपाचा भात चांगला आणि उन्हाळी धानाचा तांदूळ मिलमध्ये तुटतो, भातही तसा होत नाही. असं का?

याचं उत्तरही साखळ्यांत आहे. लोंबीत दूध भरायला लागल्यापासून दाणा पक्का होईपर्यंत साखळ्या विणण्याचं काम एन्झाइम करतात आणि ती तापमानाला संवेदनशील असतात. खरिपाचा दाणा ऑक्टोबरच्या सुखद हवेत भरतो. उन्हाळी धानाचा दाणा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विदर्भात पारा ४० अंशांच्या वर असतो. दाणा भरताना उष्णता जास्त असली, की फांद्या फोडणारं एन्झाइम मंदावतं. फांद्या कमी फुटतात आणि फुटलेल्या लांब वाढतात. सोबत अमायलोजही कमी तयार होतं. हे प्रयोग मुख्यतः जपानी जातींवर झाले आहेत. अमायलोज कमी होण्याचा परिणाम तिथे जास्त ठळक दिसतो. शिवाय स्टार्चचे कण दाण्यात दाटीने बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते आणि दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग पडतो. असा दाणा मिलच्या दाबाखाली मोडतो. तांदळाऐवजी कनकी हाती येते.

म्हणूनच उन्हाळी धानाचा उसना तांदूळ करण्याकडे मिलवाल्यांचा कल असतो. धान भिजवून वाफवलं की सालीच्या आतच मळसूत्रं उलगडतात, स्टार्च फुगून भेगा आणि पोकळ्या भरून निघतात आणि वाळताना साखळ्या पुन्हा जुळून दाणा एकसंध होतो. मग तो तुटत नाही. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे साधा तांदूळ ६७ किलो आणि उसना ६८ किलो द्यावा लागतो. साध्या भरडाईत उन्हाळी धानाची कनकीच जास्त निघाली, की चांगल्या तांदळाचं हे माप गाठताना मिलवाल्याची दमछाक होते. तोट्याची भीती धान घेतानाच मनात असते आणि मग घासाघीस शेतकऱ्याच्या दारात येते.

उष्णतेला दाद न देणारं फांद्यांचं एन्झाइम असलेल्या जाती शोधणं हा जगभरच्या धान संशोधनाचा आता मोठा विषय आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात गोसेखुर्दचं पाणी जसजसं आणखी बांध्यांत पोहोचेल तसतसं उन्हाळी धान वाढणार, त्यामुळे आपल्यासाठी तो दूरचा विषय नाही.

आत्याने तोवर आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. घरी खायला खरिपाचं धान कोठीत राहतं, उन्हाळी सगळं केंद्रावर जातं. रेशनच्या तांदळातले ते वेगळे दाणे आता ती निवडून फेकत नाही, असं म्हणाली. व्हिडिओ मात्र तिने तोवर आणखी तीन ग्रुपवर पाठवला होता.